वीतभर उंचीचे वृक्ष

मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती पाहिली म्हणजे लहानथोर सर्वांनाच आनंद होतो. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. त्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतो. चार दिवसांत कोवळे अंकुर वर आले, की आपल्याला मावळातील डोंगर आठवू लागतात. ती इवलीशी रोपे म्हणजे वृक्ष नव्हेत, हे आपणांस ठाऊक असते. तरी आपले डोळे त्यांना वृक्ष मानावयास आनंदाने तयार होतात.

युरोप व अमेरिका ह्या खंडांत असाच एक छंद आगगाडीच्या बाबतीत जोपासला जातो. मोठ्या मेजावर किंवा खोलीभर रूळ मांडावयाचे, त्यांवरून विजेवर चालणारी चिमुकली गाडी सोडावयाची आणि तिच्या भोवती डोंगर, नद्या, पूल, गावे व अरण्ये उभारून एक लहानसे जगच निर्माण करावयाचे, असा हा छंद आहे. तो केवळ मुलांचा नव्हे. अनेक प्रौढ माणसे त्यात वर्षानुवर्षे रमलेली असतात. अमेरिकेत अशा छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली मिलवॉकी शहरी स्थापन झाली. एका कारखान्याचे डबे दुसऱ्या कारखान्याच्या रुळांवर चालावेत, म्हणून तिने मापांचे नियम ठरवून दिले. आपल्या पुण्यातही कोथरूड भागात भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले.

ह्या छंदात सर्वांत अधिक प्रचलित असलेल्या मापास एचओ म्हणतात. त्यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. खऱ्या जगातील १ फूट येथे साडेतीन मिलिमीटर होतो. उंच मनुष्य जेमतेम २ सेंटिमीटर भरतो. ७० फूट उंचीचा वृक्ष सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरांचा, म्हणजे वीतभर किंवा त्याहून किंचित अधिक होतो. तळहाताएवढे पान मात्र मिलिमीटरभरच उरते.

इंजिन, डबे, रूळ, सिग्नल ह्या वस्तू कारखान्यात साच्यातून काढता येतात. खरे डबेदेखील एकाच नमुन्याचे असतात. म्हणून त्यांच्या प्रतिकृती एकसारख्या दिसल्या, तर ते योग्यच होय. झाडांचे तसे नाही. अरण्यातील कोणतीही दोन झाडे एकसारखी नसतात. साच्यातून काढलेली पन्नास झाडे ओळीने लावली, तर अरण्य न दिसता दुकान दिसेल! म्हणून छांदिष्टाच्या नजरेची खरी कसोटी इंजिनात लागत नाही, ती झाडांत लागते. त्यातही शरद ऋतूतील रंगीत झाडे करावयाची म्हणजे ही कसोटी अधिकच कठीण होते.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील सहा राज्यांना मिळून न्यू इंग्लंड असे नाव आहे. त्यांपैकी न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट मौंटन्स नावाचे पर्वत आहेत. त्यांतील क्रॉफर्ड नॉच ह्या खिंडीतून १८७५ साली लोहमार्ग नेण्यात आला. वाटेत फ्रँकेन्स्टाइन नावाचा, सुमारे ८० फूट उंचीचा व ५०० फूट लांबीचा लोखंडी पूल लागतो. शरद ऋतूत हे सर्व पर्वत तांबड्या, पिवळ्या व नारिंगी रंगांनी पेटल्यासारखे दिसतात. आजही त्या दिवसांत प्रवासी केवळ हे रंग पाहण्यासाठी तेथील गाडीतून हिंडतात. आपण असे समजू, की ह्याच पुलाची व भोवतालच्या अरण्याची प्रतिकृती करावयाची आहे. एचओ मापात हा पूल सुमारे पावणेदोन मीटर लांब व वीतभर उंच होईल. त्याच्या पायथ्याशी व मागच्या उतारावर शेकडो झाडे लागतील.

मग प्रारंभ कोठून करावा? कात्री, तार किंवा रंग ह्यांपासून नव्हे. प्रारंभ पाहण्यापासून करावा.

आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे आश्विन-कार्तिकाचे दिवस. तेव्हा पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते. पण झाडे हिरवीगारच असतात. आपल्या रानांतील पानगळ पुढे कोरड्या दिवसांत होते, कारण जमिनीतील ओल कमी झालेली असते. न्यू इंग्लंडमधील पानगळ मात्र शरदातच येते. पुढे दीर्घ हिवाळा असतो. जमीन गोठली म्हणजे मुळांना पाणी शोषून घेता येत नाही. म्हणून वृक्ष आधीच सावध होतो. दिवस लहान होऊ लागले, की तो पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश परत घेऊ लागतो. हिरवा रंग गेला, की त्याच्या आड दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. गाजराला नारिंगी रंग देणारी द्रव्ये ह्याच जातीची असतात. लाल रंग मात्र पानात आधीपासून नसतो. पानात राहिलेली साखर, स्वच्छ ऊन व थंड रात्री ह्यांच्या योगाने तो नव्याने तयार होतो. आपल्या ओळखीच्या देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लाल होतात, ती आठवा. तशा रंगाचे सबंध डोंगर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या देशातील शरदाची थोडीशी कल्पना येईल.

ही कारणे ठाऊक झाली, म्हणजे हातातील कुंचला आपोआप शहाणा होतो. लाल रंगास ऊन लागते, हे समजले की मॅपल वृक्षाची उन्हाकडील बाजू अधिक लाल व आतील, सावलीतील बाजू पिवळसर किंवा हिरवट ठेवावी, हे कोणी सांगावे लागत नाही. बर्च झाडे पिवळीच होतात. त्यांना लाल रंग देणे चूक होय. दलदलीतील लाल मॅपल सर्वांच्या आधी रंगतो. ओक सर्वांच्या शेवटी रंगतो आणि त्याचा रंग तांबूस-तपकिरी असतो. स्प्रूस, फर, पाइन ही सूचिपर्णी झाडे हिरवीच राहतात. परंतु त्यांच्याच कुळातील लार्च मात्र पिवळा होऊन आपल्या सुया गाळून टाकतो. रंगांची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे व डोंगरमाथ्याकडून दरीकडे उतरत येते. क्रॉफर्ड नॉचच्या परिसरात तिचा बहर बहुधा ऑक्टोबरच्या आरंभी येतो. तर समुद्राजवळील दक्षिण कनेटिकट राज्यात ती महिनाअखेरीस पोहोचते. म्हणून एकाच देखाव्यात सर्व झाडे सारखीच रंगलेली दाखविणे सत्यास धरून होत नाही. काही झाडे हिरवी, काही अर्धी रंगलेली, काही ऐन बहरातील आणि एखादे निष्पर्ण, असे मिश्रण हवे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. झाडाचा सांगाडा दोन रीतींनी करता येतो. पहिली रीत म्हणजे वाळलेल्या वनस्पतीच उपयोगात आणणे. अनेक रानटी झुडपांचे सुकलेले तुरे बारीक फांद्यांनी भरलेले असतात व ते लहान प्रमाणात वृक्षासारखेच दिसतात. असे तुरे जमवून, त्यांवरील बी झटकून उलटे टांगून वाळवावेत. मागच्या रांगेतील दाट अरण्यास ही रीत सोईची पडते.

दुसरी रीत तारेची. पुढच्या रांगेत, जेथे पाहणाराची नजर प्रथम जाते, तेथे हिचा उपयोग करावा. जुन्या विद्युत्-तारेतील तांब्याचे बारीक तंतू किंवा फुलवाल्याकडील मऊ तार घ्यावी. तिचे ३० सेंटिमीटर लांबीचे तीस-चाळीस तुकडे करावेत. सर्व तुकडे एकत्र धरून खालची दोन बोटे लांबी मुळांसाठी मोकळी सोडावी आणि त्यावरचा भाग पिळून खोड करावे. खोड सुमारे चार बोटे झाले, की चार-पाच तारा बाजूस काढून पिळाव्यात. ही झाली पहिली फांदी. थोडे वर गेल्यावर दुसऱ्या बाजूस आणखी काही तारा काढाव्यात. असे करीत शेंड्यापर्यंत जावे. नंतर प्रत्येक फांदीच्या तारा दोन-दोन करून पुन्हा विभागाव्यात. शेवटी टोकाशी एकेकच तार उरते.

ह्या कृतीत एक मौज आहे. जसजशा तारा फांद्यांकडे निघून जातात, तसतसे खोड आपोआप बारीक होत जाते. खऱ्या वृक्षातही असेच घडते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची ह्याने आपल्या टिपणांत असे नमूद केले होते, की कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र मोळीसारख्या बांधल्या, तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढीच भरेल. तारांचा वृक्ष करणारा मुलगा नकळत हाच नियम पाळीत असतो.

तारेचा पीळ दिसू नये, म्हणून सुतार लाकूड जोडण्यास जो फेव्हिकॉल वापरतात, त्यात लाकडाचा अगदी बारीक भुसा कालवून तो लेप खोडावर दोनदा द्यावा. लेप वाळल्यावर रंग द्यावयाचा. येथे बहुतेक मुले फसतात. चित्रकलेच्या वहीत आपण खोड तपकिरी रंगवितो, म्हणून येथेही तपकिरी रंगाकडे हात जातो. परंतु बाहेर जाऊन खरे झाड पाहावे. बहुतेक खोडे करडी, राखी किंवा शेवाळामुळे हिरवट असतात. मॅपलचे खोड करडे असते. बर्चचे खोड पांढरे असून त्यावर काळसर आडव्या रेघा असतात.

पाने करण्यासाठी पूर्वीचे छांदिष्ट रंगविलेला भुसा वापरीत. पुढे स्पंजाचा बारीक चुरा करून तो रंगविण्याची पद्धत आली व तीच आज अधिक रूढ आहे. स्पंजाचे तुकडे पाण्यात कालविलेल्या रंगात बुडवून, पिळून, वाळवून मग त्यांचा चुरा करावा. एकाच रंगाचा चुरा वापरू नये. नारिंगी मॅपल करावयाचा असेल, तर गडद तांबडा, नारिंगी व पिवळा असे तीन निरनिराळे चुरे तयार ठेवावेत. फांद्यांच्या टोकांवर काथ्याचे पिंजलेले, विरळ धागे चिकटवावेत. त्यांवर पाणी घातलेला फेव्हिकॉल पिचकारीने शिंपडून प्रथम आतल्या भागावर गडद चुरा, मग बाहेरून व वरून फिकट चुरा चाळणीने पेरावा. वरून प्रकाश पडतो आणि आत सावली असते, एवढेच ह्यात लक्षात ठेवावयाचे. झाडातून मधून मधून आकाश दिसले पाहिजे. चुरा फार झाला, तर वृक्ष न होता लाडू होतो.

झाडे तयार झाली, तरी शरद ऋतू अजून आलेला नसतो. तो येतो जमिनीवर. झाडाखाली त्याच्याच रंगाची पाने पडलेली हवीत. त्यासाठी वाळलेली पाने कुसकरून गाळण्यातून चाळून घ्यावीत. थंड देशांतील छांदिष्टांना तर निसर्गानेच एक भेट देऊन ठेवली आहे. बर्च झाडाच्या लोंबत्या तुऱ्यांत बियांबरोबर तीन टोकांची इवलीशी खवले असतात. ती मॅपलच्या पानांसारखीच दिसतात. मोठ्या झाडाचा असा उपयोग त्याच जगाच्या चिमुकल्या प्रतिकृतीत व्हावा, ही गंमतच नव्हे काय?

पाने कोठे टाकावीत, ह्यालाही विचार लागतो. धावत्या गाडीच्या वाऱ्याने पाने बाजूस उडतात व रुळांकडेच्या चरांत साठतात. म्हणून चरांत दाट थर, रुळांमध्ये तुरळक पाने, असे दाखवावे. रुळांवर पडलेली पाने चाकांखाली चिरडली, की तेथे निसरडा थर तयार होतो आणि इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्या वेळी चालक चाकांपुढे वाळू सोडतो. त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटी असते. सुंदर दिसणारी पाने गाडीवानास अशी जड जातात. झाड आणि गाडी ह्या देखाव्यातील दोन निरनिराळ्या वस्तू नसून त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे येथे ध्यानात येते.

मांडणी करताना मोठी, नीटस झाडे पुढे व लहान झाडे मागे लावावीत. त्यामुळे मेजावरील हातभर अंतरही मैलभर भासते. दूरच्या झाडांचे रंग थोडे फिके व निळसर असावेत. ऐन लाल झाडे मोजकीच असावीत आणि ती गडद हिरव्या सूचिपर्णी झाडांच्या शेजारी लावावीत, म्हणजे त्यांचा रंग उठून दिसतो. सर्वच झाडे लाल केली, तर कोणतेच लाल वाटत नाही.

एवढे सर्व साधले, तरी एक प्रश्न उरतो व तो सर्वांत महत्त्वाचा आहे. हा देखावा कोणत्या सालातला?

रुळांवर वाफेचे इंजिन उभे आहे, असे समजू. आणि साल १९०० ठरविले आहे. तर मग मागचे पर्वत रंगीत अरण्याने भरून टाकणे खरे होईल काय? त्या काळी व्हाइट मौंटन्समधील कितीतरी उतारांवर बेसुमार तोड चालली होती. लाकडे वाहून नेण्यासाठी डोंगरांत मुद्दाम रूळ टाकले होते. तोडलेल्या फांद्यांचे ढीग उतारांवर पडून राहत व त्यांना आगी लागत. हे पाहून लोक जागे झाले. १९११ साली तेथील संसदेने कायदा करून सरकारला पूर्वेकडील डोंगर विकत घेण्याचा अधिकार दिला आणि १९१८ साली तेथे राष्ट्रीय अरण्य स्थापन झाले. आज जे रंग पाहावयास प्रवासी येतात, त्यांतील बराच मोठा भाग त्यानंतर पुन्हा वाढलेल्या झाडांचा आहे. तेव्हा १९०० सालच्या प्रामाणिक देखाव्यात रंगीत झाडांबरोबर उघडे उतार, बुंधे आणि जळके ओंडके दाखवावेच लागतील. दिसण्यास ते सुंदर नसतील; पण ते खरे असतील.

उलट, काही झाडे अशी आहेत, की ती आज तेथे विरळाच दिसतात. जुन्या देखाव्यात मात्र ती असलीच पाहिजेत. दक्षिण न्यू इंग्लंडच्या रानांत अमेरिकन चेस्टनट हा प्रचंड वृक्ष विपुल होता. शरदात त्याची लांबट पाने पिवळी होत. १९०४ साली न्यूयॉर्क येथे त्याच्यावर एक परदेशी बुरशी आढळली आणि १९५० च्या सुमारास हा वृक्ष अरण्यांतून जवळजवळ नाहीसा झाला. अजूनही जुन्या मुळांतून कोंब फुटतात. परंतु बहुतेक कोंब मोठे होण्यापूर्वीच रोगास बळी पडतात. गावांच्या रस्त्यांवर दुतर्फा उभे असलेले, कमानीसारखे वाकलेले अमेरिकन एल्म वृक्षही १९३० नंतर आलेल्या रोगाने फार मोठ्या संख्येने मेले. तीन पिढ्यांमागे जे प्रत्येक मुलाने पाहिले होते, ते आज पाहावयाचे असेल, तर छायाचित्रांत किंवा अशा एखाद्या मेजावर पाहावे लागते. तार, भुसा व स्पंज ह्यांचा तो वीतभर वृक्ष त्या वेळी खेळणे राहत नाही. तो गेलेल्या वृक्षाची आठवण होतो.

मुलांनो, ह्या छंदासाठी अमेरिकेतीलच अरण्य घेतले पाहिजे, असे नाही. आपल्या बोरघाटातून १८६३ साली लोहमार्ग सुरू झाला. त्या घाटाची प्रतिकृती कोणी केली, तर त्यालाही हेच प्रश्न सोडवावे लागतील. महिना श्रावण असेल, तर प्रत्येक कड्यावरून पाणी वाहावयास हवे. महिना फाल्गुन असेल, तर पळस व पांगारा पानांवाचून फुललेले हवेत, आणि गवत पिवळे हवे. पण त्यापूर्वी तेथे जाऊन कोणती झाडे कोठे उभी आहेत, त्यांची खोडे कोणत्या रंगाची आहेत, कोणती झाडे तोडली गेली, हे पाहावे लागेल व वृद्ध माणसांना विचारावे लागेल. ज्याने एक झाड हाताने घडविले, तो रस्त्यातील झाडाकडे पुन्हा पूर्वीसारखा दुर्लक्षाने पाहू शकत नाही. चिमुकली झाडे करण्यातील मोठा लाभ हाच होय.

अभ्यास

१. इंजिनापेक्षा झाडांत छांदिष्टाच्या नजरेची खरी कसोटी लागते, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. पानांतील पिवळा रंग व लाल रंग ह्यांच्या उत्पत्तीत कोणता फरक आहे?

३. तारांचा वृक्ष करताना लिओनार्दोचा नियम आपोआप कसा पाळला जातो, ते आकृती काढून सांगा.

४. '१९०० सालच्या प्रामाणिक देखाव्यात उघडे उतार दाखवावेच लागतील.' ह्या विधानाचे कारण आठ-दहा ओळींत लिहा.

५. एचओ मापात पुढील वस्तूंची उंची काढा : (अ) ३० फूट उंचीचे घर, (आ) ५० फूट उंचीचा आंब्याचा वृक्ष.

६. तुमच्या शाळेजवळील एका झाडाचे आठ दिवस निरीक्षण करा. खोडाचा रंग, फांद्यांची ठेवण, पानांचे रंग व झाडाखालची जमीन ह्यांचे वर्णन करा.